एकाच रेल्वे लाईनवरची चार शहरं : विरार फुगलं, डहाणू थांबलं, असं का झालं?

सोशल मीडियावर एक वाद दर काही दिवसांनी उगवतो. मिरा रोड भारी की विरार? मग एक जण टॉवरचा फोटो टाकतो, दुसरा स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो, तिसरा विरार फास्टच्या दारात लटकलेल्या माणसांचा व्हिडिओ टाकतो. शेवटी कुणीतरी "हे सगळं सोडा, पालघरला आत्ताच प्लॉट घेऊन ठेवा" असा सल्ला देऊन जातो.

या वादात वटारचं नाव कुणी घेत नाही. वटार म्हणजे नालासोपारा किंवा विरार स्टेशनवरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने गेलं की लागणारं गाव. आजूबाजूला आगाशी, नंदाखाल, राजोडी, निर्मळ. केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या, विहिरी, नारळ आणि कौलारू घरं. आगाशीची सुकेळी तुम्ही खाल्ली असतील किंवा नाव तरी ऐकलं असेल, ती याच पट्ट्यातली. गंमत अशी की कागदावर हे गाव महापालिकेत आहे. वाडीत केळी लावणारा माणूस आणि नालासोपाऱ्यात सातव्या मजल्यावर राहणारा माणूस एकाच शहराचे नागरिक.

म्हणून आपण ही तुलना वटारमध्ये उभं राहून करू. इथून दक्षिणेला मिरा-भाईंदर, पाठीशी वसई-विरार, उत्तरेला पालघर आणि त्याच्याही पुढे डहाणू. चारही ठिकाणं पश्चिम रेल्वेच्या एकाच लाईनवर आहेत आणि मुंबईची ओढ चौघांनाही आहे. तरीही चौघांची वाढ चार तऱ्हेने झाली.

आधी आकडे बघू, पण जपून. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज कुणी "विरारची लोकसंख्या इतकी" असं ठणकावून सांगत असेल तर तो अंदाज आहे. मोजलेला शेवटचा आकडा २०११ चा.

२००१ मध्ये मिरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. त्याच दहा वर्षांत पालघर नगरपरिषद साधारण ५३ हजारांवरून ६९ हजारांवर गेली. डहाणू ४४ हजारांवरून ५० हजारांवर. आणि वसई-विरार? २००१ मध्ये या नावाचं शहरच नव्हतं. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार अशा चार नगरपरिषदा होत्या, चारही मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास लोक. २०११ मध्ये महापालिकेची लोकसंख्या निघाली १२ लाख २२ हजार.

इथे एक मेख आहे. या १२ लाखांत पालिकेत नव्याने घेतलेल्या गावांचीही माणसं आहेत. त्यामुळे "वसई-विरार दहा वर्षांत अडीच पट झालं" हे वाक्य पूर्ण खरं नाही, शहराची हद्दही वाढली होती. वटारसारखी गावं जागची हलली नाहीत, फक्त त्यांची मोजणी दुसऱ्या रकान्यात गेली. शहरांच्या तुलनेचा कुठलाही तक्ता बघताना हद्द तीच होती का, एवढं आधी विचारायचं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

रेल्वे आली म्हणून शहर वाढलं?

बहुतेकांचं उत्तर "हो" असतं. पण विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून आहे. विजेवर चालणारी लोकल विरारपर्यंत १९३६ मध्ये पोचली. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं विरार हे भाजी, फुलं, दूध, मासे मुंबईला पाठवणारं गावच होतं. म्हणजे नुसत्या गाडीने शहर होत नाही. मुंबईत घर परवडेनासं झालं आणि त्याच वेळी इथली जमीन बांधकामाला मोकळी झाली, तेव्हा गाडी कामाला आली.

या दोन्ही गोष्टी ऐंशी-नव्वदच्या दशकात घडल्या. गिरण्या बंद पडत होत्या, चाळीतली खोली विकून थोडे पैसे हातात आलेली कुटुंबं उत्तरेकडे सरकत होती. कोकणातून आलेली, गिरणगावात दोन पिढ्या काढलेली अनेक घरं नालासोपारा-विरारला आली ती याच काळात. दुसरीकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी राज्य सरकारने वसईच्या हरित पट्ट्यातली मोठी जमीन विकासासाठी खुली केली. १९९० मध्ये सिडकोला या भागाचं नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं.

आता यातली तारीख लक्षात ठेवा. सिडको आली १९९० मध्ये, आणि वसई-विरारचा विकास आराखडा मंजूर झाला २००७ मध्ये. मधली सतरा वर्षं इमारती थांबल्या होत्या का? अजिबात नाही. माणसं आधी आली आणि रस्ता, गटार, मैदान, शाळा यांच्या जागा कागदावर नंतर पक्क्या झाल्या. आराखडा होता २०२१ पर्यंतचा, म्हणजे मंजूर झाला तेव्हा त्याच्या हातात चौदाच वर्षं उरली होती.

मिरा-भाईंदरचं काय? तिथेही सुरुवात ग्रामपंचायतींपासूनच. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. १९९१ मध्ये तिथे पावणेदोन लाख लोक होते, दहा वर्षांत ते तिप्पट झाले. त्या दहा वर्षांत वेगाच्या बाबतीत मिरा-भाईंदर विरारच्या मागे नव्हतं. फरक दोन गोष्टींचा. एक म्हणजे अंतर : दहिसरचा नाका ओलांडला की मिरा रोड, त्यामुळे तिथे घर घेणाऱ्याच्या खिशात चार पैसे जास्त असत. दुसरं म्हणजे आकार. मिरा-भाईंदर सुमारे ७९ चौरस किलोमीटरचं, त्यातही पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, बाकी बाजूंना खाडी, मिठागरं आणि कांदळवन. पसरायला जागा नाही, म्हणून ते लवकर उंच झालं. वसई-विरारचं क्षेत्र त्याच्या चौपटीच्या घरात, त्यामुळे ते आडवं पसरलं. एकाच वेळी दहा ठिकाणी चाळी, चार मजली इमारती, गाळे. आडव्या पसरलेल्या शहराला पाण्याची आणि मलनिस्सारणाची वाहिनी टाकणं जास्त महाग पडतं, हे टॉवरच्या फोटोत दिसत नाही.

शेवटी गटाराची जागा कशी जाते, त्याचं उदाहरण नालासोपारा पूर्वेला घडलं. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ पासून पुढच्या काही महिन्यांत त्या पाडल्या गेल्या. दोन हजारांहून जास्त कुटुंबं बेघर झाली. त्यातल्या बहुतेकांनी घर पैसे मोजून घेतलं होतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. ती इमारत जेमतेम तेरा वर्षांची होती. स्क्वेअर फुटाचा रेट कमी का होता, याचं उत्तर कधी कधी असं मिळतं.

पालघर आणि डहाणू : उलट्या बाजूची गोष्ट

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पालघरला मुख्यालय आलं. सरकारने सिडकोबरोबर सौदा केला : सुमारे ४४० हेक्टर जमीन घ्या, त्यातल्या काही भागावर जिल्ह्याची कार्यालयं बांधून द्या आणि उरलेल्या जमिनीवर नवं शहर वसवून खर्च भरून काढा. कोळगावची ती देखणी कार्यालयं २०२१ मध्ये सुरू झाली. म्हणजे इथे आराखडा आधी, रस्ते आधी, माणसं नंतर. "आत्ताच प्लॉट घ्या" म्हणणाऱ्याचा सगळा हिशोब यावरच उभा आहे.

पण शेजारच्या बोईसरकडे बघा. तिथे तारापूरची एमआयडीसी आहे, अणुऊर्जा प्रकल्प जवळ आहे, कामगार आहेत, खोल्या आहेत, रिक्षांची रांग आहे. शहर आहे, फक्त शहराचा कारभार नाही. बोईसर वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीवर चाललं आहे. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, त्या यादीत तारापूर देशात सगळ्यात वर होतं. पालघर आणि बोईसर ही लागून स्टेशनं नसली तरी अंतर फार नाही. एकाकडे नियोजन आहे आणि रोजगार थोडा, दुसऱ्याकडे रोजगार आहे आणि नियोजन थोडं.

डहाणूचा विषय वेगळाच. तिथे औष्णिक वीज प्रकल्प येत होता, त्यावर स्थानिकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी लढा दिला. प्रकल्प थांबला नाही, पण २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा, जमिनीचा वापर बदलण्यावर बंधनं. पुढे १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली यावर देखरेख ठेवणारं प्राधिकरण नेमलं गेलं. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत गेली, तरी तिथे दुसरा विरार झाला नाही. चिकूच्या बागा राहिल्या, घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे वाचून "डहाणू बरोबर, विरार चूक" असं म्हणावंसं वाटेल. पण तेवढं सोपं नाही. डहाणूतल्या तरुणाला विचारलं तर तो सांगेल की रोजगारासाठी त्याला बोईसर, वापी किंवा मुंबई गाठावी लागते. आणि विरार-नालासोपारा नसतं तर मुंबईत काम करणारी ती लाखो माणसं राहिली कुठे असती, याचं उत्तरही द्यावं लागेल. मुंबईने स्वतः न बांधलेली घरं या शहराने बांधली, वेडीवाकडी का होईना. त्याचं श्रेय तुलनेत सहसा मिळत नाही.

आता डहाणूची बंधनंही कसोटीला लागली आहेत. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली, खर्च ७६ हजार २२० कोटी. त्याच वर्षी ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. मच्छीमारांचा विरोध कायम आहे. बुलेट ट्रेनची स्थानकं विरार आणि बोईसरला येणार आहेत. म्हणजे उत्तरेकडची जी गावं आज शांत दिसतात, ती विरार जिथे १९८८-९० मध्ये होतं साधारण तिथे उभी आहेत.

सगळ्यांना जोडणारं पाणी

या चार शहरांना आपण वेगवेगळे स्पर्धक समजतो. पाणी पाहिलं की कळतं, ती एकाच नळाला लागलेली आहेत.

सूर्या नदीवरचं धामणी धरण पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात आहे. प्रकल्प आखला तेव्हा मुख्य उद्देश शेतीचा होता : १४ हजार ६९६ हेक्टर सिंचन. आता एमएमआरडीएच्या योजनेतून त्याच सूर्याचं रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी शहरांकडे वळवायचं आहे. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला, २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरला. धरणाजवळच्या शेतकऱ्यांनी याविरुद्ध आंदोलनं केली. नालासोपाऱ्यातल्या बाईला दिवसाआड पाणी येत असेल तर तिचीही बाजू खोटी नाही. पण "आमच्या शहरात पाण्याचा प्रश्न सुटला" असं कुणी लिहिलं, तर तो कुणाच्या शेताकडून सुटला हेही बघावं लागतं.

वटारच्या पट्ट्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको, कारण सूर्याचं पाणी यायच्या आधी शहराची तहान इथल्याच विहिरींनी भागवली. ऐंशी-नव्वदच्या दशकात नव्या इमारतींना पाणी नव्हतं. मग टँकर पश्चिमेच्या वाड्यांत शिरले. किनाऱ्यालगतची जमीन अशी असते की पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. उपसा बेताचा असेल तर विहीर गोडी राहते. दिवसरात्र पंप चालवला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि केळीचं पान करपायला लागतं. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं जातात.

याच प्रश्नावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पुढे २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले दिब्रिटो हे नंदाखालचे, म्हणजे वटारच्या शेजारचेच. शेतकरी, वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती, आगरी असे सगळे त्यात होते. टँकर आणि बिल्डर या दोघांच्या विरोधात तेव्हा रस्त्यावर उतरणं म्हणजे जोखीम होती, हे त्या काळच्या वसईबद्दल ज्यांनी ऐकलं आहे त्यांना सांगायची गरज नाही.

या भागातली आणखी एक गोष्ट शहरांच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही, ती म्हणजे बावखल. वाडीजवळचं गोड्या पाण्याचं खोलगट तळं. पावसात ते भरतं, आजूबाजूच्या विहिरींना झिरपा देतं, उन्हाळ्यात वाडीला उपयोगी पडतं. सरकारी नकाशावर पाहिलं तर ही रिकामी, पडीक जागा वाटू शकते. भराव टाकायला सगळ्यात सोयीची. बुजवलेल्या बावखलाचं पाणी मात्र कुठेतरी जातंच. वसईचा भूगोल बघा : पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. डोंगरावरचं पाणी पश्चिमेला उतरतं आणि मधल्या सखल भागात पसरून मग खाडीला मिळतं. त्या सखल भागावर भराव पडला की काय होतं ते जुलै २०१८ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, मिठागरात माणसं अडकलेली, कित्येक भागांत वीज नाही.

मग वटार शहरात हवं की नको?

३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि पन्नासहून जास्त गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. पश्चिमेच्या बागायती पट्ट्यातून लगेच विरोध सुरू झाला. गावांचं म्हणणं साधं होतं : घरपट्टी शहराची लागणार, ग्रामसभा जाणार, आणि वाडीच्या जमिनीचं काय करायचं हे पालिका ठरवणार. हा विषय इतका तापला की त्याच वर्षीच्या विधानसभेला गावं वगळण्याच्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून अपक्ष निवडून आले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचा निर्णय घेतला. पालिका उच्च न्यायालयात गेली आणि निर्णय अडकला. २०२४ मध्ये सरकारनेच उलटं पाऊल टाकत गावं पालिकेत ठेवायची अधिसूचना काढली. या सगळ्यात पंधरा वर्षं गेली.

हा घोळ फक्त वसईचा नाही. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली, २०२० मध्ये त्यातली १८ वगळायचं ठरलं आणि उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मिरा-भाईंदरमधलं उत्तन तर वटारचं मोठं भावंडच म्हणा : कोळी आणि ख्रिस्ती वस्तीचं समुद्रकाठचं गाव, महापालिकेत गेलं आणि पूर्ण शहराचा कचरा त्याच्याच डोंगरावर आला. गावात रस्ता आणि दिवे आले हेही खरं. तिथल्या लोकांना दोन्ही एकदमच मिळालं.

बाहेर राहिलेल्या गावांचं चित्र आकर्षक वाटत असेल तर बोईसर पुन्हा आठवा. ग्रामपंचायत राहिल्याने इमारती थांबत नाहीत, फक्त त्यांना परवानगी देणारी यंत्रणा लहान असते. आणि आत गेल्याने आवाज मिळतोच असंही नाही. वसई-विरार पालिकेच्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. ग्रामसभा गेलेल्या गावाला त्या काळात नगरसेवकही नव्हता.

त्यामुळे माझ्या मते वटारचा खरा प्रश्न आत की बाहेर हा नाही. प्रश्न हरित पट्ट्यात किती बांधकामाला परवानगी असेल हा आहे. सिडकोच्या आराखड्यात या पट्ट्यासाठी चटईक्षेत्र मुद्दाम कमी ठेवलं होतं, म्हणून वाड्या टिकल्या. डहाणूला जे काम १९९१ च्या अधिसूचनेने केलं, ते इथे त्या एका आकड्याने केलं. एमएमआरडीएने २०१६ मध्ये महानगर प्रदेशाचा नवा प्रारूप आराखडा आणला तेव्हा वसईतून हजारोंच्या संख्येने हरकती गेल्या, त्या यासाठीच. तो आकडा तिप्पट झाला तर गाव पालिकेत असो की ग्रामपंचायतीत, वाडीची किंमत केळीवरून ठरणार नाही. एका भावाला वाडी ठेवायची असते, दुसऱ्याला मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवे असतात, आणि दोघांचं नाव एकाच सातबारावर असतं. हा वाद घराघरात आहे, तो चळवळीच्या मोर्च्यात दिसत नाही.

२०२१ पर्यंतच्या आराखड्याची मुदत संपली आहे. पुढचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कुणालाही लेखी हरकत घेता येते, त्यासाठी जमीनमालक असायची गरज नाही. तो नकाशा मोबाईलवर उघडलात तर आधी टॉवरचा पट्टा शोधू नका. सांडपाण्याचं आरक्षण कुठे आहे, बावखलं नकाशावर दाखवली आहेत का आणि पश्चिमेच्या गावांचा रंग हिरवाच आहे का, एवढं बघा.

नवी जनगणना २०२७ च्या सुरुवातीला होणार आहे. त्यानंतर विरार, मिरा रोड, पालघर, डहाणूचे ताजे आकडे येतील आणि तुलनेच्या पोस्टना पुन्हा ऊत येईल. वटारची माणसं त्यात वसई-विरार शहराच्या बेरजेतच असतील.